पृथ्वीची डिजिटल प्रतिकृती आणि पंचगंगाकाठचं एक गाव

प्रश्न असा आहे. करवीर तालुक्यातल्या पंचगंगाकाठच्या एका गावच्या महिला सरपंच विचारतात: "युरोपनं म्हणे अख्खी पृथ्वी संगणकात उभी केली आहे. आमच्या गावात २०१९ ला पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. आता एका सल्लागार कंपनीनं प्रस्ताव दिलाय की गावाचं 'डिजिटल ट्विन', म्हणजे संगणकातली प्रतिकृती, करून २०५० चा पूर स्क्रीनवर दाखवू. ते बघून आम्ही पुनर्वसनाचा ठराव करावा का, की हे नुसतंच रंगीत चित्र आहे?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो. २०५० साली तुमच्या चावडीपाशी किती फूट पाणी असेल, हे जगातलं कुठलंही मॉडेल, म्हणजे संगणकात समीकरणं सोडवून केलेलं गणित, सांगू शकत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पण निम्मं गावठाण वर हलवलं तर काय होईल आणि नाही हलवलं तर काय होईल, या दोन्हींत फरक किती, हे चांगलं मॉडेल बऱ्यापैकी भरवशानं सांगतं. पाणी आणि पावसाची मॉडेलं चालवण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, मॉडेलला आकडा मागू नका, फरक मागा. तेवढं पाळलं तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

आता ती युरोपची भानगड. तिचं नाव 'डेस्टिनेशन अर्थ'. युरोपियन युनियननं २०२२ मध्ये तो उपक्रम सुरू केला आणि जून २०२४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती चालू झाली. फिनलंडमधल्या कायानी इथल्या 'लुमी' या महासंगणकाचा त्यात मोठा वाटा आहे. त्यात सध्या दोन प्रतिकृती मुख्य आहेत. एक अतिवृष्टी, वादळ अशा टोकाच्या घटनांसाठी आणि दुसरी बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी, म्हणजे पुढच्या काही दशकांचा विचार करणारी. 'हुबेहूब नक्कल' वगैरे बातमीदारांची भाषा. आत असतं ते हवामानाचं मॉडेलच. वातावरणाचे, समुद्राचे, जमिनीचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात वारा, उष्णता, बाष्प यांची भौतिकशास्त्रातली समीकरणं सोडवत पुढं जायचं. स्युकुरो मानाबे आणि त्यांचे सहकारी वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये, आजच्या मोबाइलपुढे खेळणं वाटेल अशा संगणकावर, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे २.३ अंशांनी तापेल असं काढलं होतं. मानाबेंना त्यासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेले तापमानवाढीचे १७ अंदाज नंतर तपासले गेले. प्रत्यक्षात किती वायू हवेत गेला हे जमेस धरल्यावर त्यातले १४ बरोबर ठरले. तेव्हा 'मॉडेल म्हणजे थापा' असं कट्ट्यावर कुणी म्हणत असेल, तर त्याच्याशी मी वाद घालत बसत नाही.

पण ते यश पृथ्वीच्या सरासरी तापमानाचं आहे. आपला प्रश्न गगनबावड्याच्या पावसाचा आहे, आणि तिथं गोष्ट वेगळी होते.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यापुढं आणा. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून रस्त्यानं शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळ, तिथं ५०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका जिल्ह्यात दहापट फरक. जागतिक हवामान अहवालांसाठी जगभरची मॉडेलं तुलनेला बसवतात, त्यातल्या बहुतेक मॉडेलांच्या चौकटीची बाजू साधारण १०० किलोमीटर असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं मॉडेल या जागतिक तुलनेत उतरलेलं भारतातलं पहिलं, त्याचा अभिमान आहेच, पण त्याची चौकट याहून मोठी होती. अशा एका चौकटीत गगनबावडा, पन्हाळा, कोल्हापूर, शिरोळ सगळं एकच. सह्याद्रीचा कडा तिथं कडा राहत नाही, बुटकी उतरण होते. अरबी समुद्रावरून आलेला वारा त्या कड्याला धडकून वर चढतो म्हणून आपल्याकडं पाऊस आहे. कडाच नाही तर पाऊस कुठून येणार? मग मॉडेल सगळ्या चौकटीभर रोज थोडा थोडा रिमझिम पाऊस पाडतं. सरासरी बरी येते, पूर येत नाही. आणि आपल्याकडचा पूर तर असा की पाऊस गगनबावड्याला पडतो आणि पाणी शिरोळच्या घरात शिरतं.

म्हणून चौकट लहान करायची धडपड. ती स्वस्त नाही. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, शिवाय वेळेची पावलंही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम आठपट. १०० किलोमीटरवरून १ किलोमीटरवर यायचं तर दहा लाख पट. 'डेस्टिनेशन अर्थ'ची हवामानबदलाची प्रतिकृती ५ किलोमीटरच्या आसपास आली आहे, तेवढ्यासाठी युरोपचे सगळ्यात मोठे संगणक लागले. आपल्याकडं पुण्यात २०२४ मध्ये 'अर्क' महासंगणक बसला आणि मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. तिची चौकट ६ किलोमीटरची आहे, आधी ती १२ ची होती. ही काही दिवस पुढचा अंदाज देणारी यंत्रणा आहे, २०५० चं सांगणारी नव्हे, पण घाटमाथ्याच्या पावसासाठी मोलाची.

इथं एक बारकी गोष्ट, जी प्रस्तावात कुणी लिहीत नाही. ६ किलोमीटरची चौकट म्हणजे ६ किलोमीटरचा तपशील दिसतो असं नाही. एखादी गोष्ट मॉडेलमध्ये नीट आकार घ्यायला चार-सहा चौकटी लागतात, म्हणजे खरी नजर २५ ते ३५ किलोमीटरची. आपली कोल्हापूर महापालिकेची हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटर, ती दोन चौकटींत संपली. कोल्हापूर शहरातला जयंती नाला त्यात दिसत नाही, तुमचं गाव तर नाहीच. तेव्हा 'पृथ्वीच्या प्रतिकृतीत तुमचं गाव दाखवतो' हे वाक्य ऐकलं की समजायचं, मधल्या दोन-तीन मॉडेलांचा उल्लेख गाळलाय.

खरा प्रवास असा असतो. पृथ्वीचं मॉडेल पाऊस देतं, प्रादेशिक मॉडेल तो घाटावर बसवतं, पाणलोटाचं मॉडेल त्याचं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीच्या प्रवाहात रूपांतर करतं, आणि शेवटी नदीचं मॉडेल ते पाणी पात्राबाहेर काढून तुमच्या गल्लीत आणतं. प्रत्येक टप्प्यावर चूक थोडी वाढते. गंमत म्हणजे सगळ्यांचं लक्ष पहिल्या टप्प्याकडं, कारण तिथं महासंगणक आहे. गाव बुडणार की नाही हे बऱ्याच वेळा शेवटच्या टप्प्यात ठरतं.

त्या शेवटच्या टप्प्यावर जरा थांबतो, कारण तिथं आपल्या भागाची खास अडचण आहे: ऊस.

जमिनीचे चढ-उतार लागतात ते बहुतेक सल्लागार उपग्रहाच्या फुकट नकाशावरून घेतात. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा नकाशा अमेरिकेच्या अंतराळयानानं फेब्रुवारी २००० मध्ये रडारनं मोजला. फेब्रुवारी म्हणजे आपला ऐन गळीत हंगाम. काही फडांना तोड लागलेली, काही फड उभे. रडारची लाट उभ्या उसात पूर्ण जमिनीपर्यंत पोचत नाही, काही अंशी पाल्यावरूनच परतते. त्यामुळं नकाशात उभा फड आजूबाजूच्या रानापेक्षा उंच दिसतो आणि तुटलेला फड खोल. प्रत्यक्षात दोन्ही रानं एका पातळीत. आता पंचगंगेच्या काठावर जिथं एका फुटानं शंभर घरांचा फरक पडतो, तिथं असा नकाशा घातला तर मॉडेल पाणी भलतीकडंच वळवणार. स्क्रीनवर चित्र मात्र सुरेख येतं.

ऊस दुसऱ्यांदाही आडवा येतो. पुराच्या वेळी, जुलै-ऑगस्टमध्ये, काठावरच्या सगळ्या रानात ऊस उभा असतो. पात्राबाहेर आलेलं पाणी त्यातून सावकाश सरकतं आणि पातळी चढत राहते. परदेशी पुस्तकातला गवताळ कुरणाचा घर्षणांक, म्हणजे पाण्याला किती अडथळा होतो तो आकडा, आपल्या उंच वाढलेल्या आडसाली उसाला लावला की मॉडेलमधला पूर प्रत्यक्षापेक्षा लवकर ओसरतो. कंपनीला विचारा, उसासाठी कुठला आकडा धरलाय आणि तो कुठल्या पुरावर पडताळलाय. या एका प्रश्नानं समोरच्याचा वकूब कळतो.

तिसरी गोष्ट फुगीची. कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. पण एकाच फुटाला नेहमी एवढंच पाणी वाहत असतं असं नाही. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढं जायला वाट मिळत नाही, ते मागं फुगतं. तेव्हा ४५ फुटांना वाहणारं पाणी कमी असतं आणि चढ मात्र रेंगाळतो. कृष्णा रिकामी असेल तर तेच ४५ फूट भराभर उतरतात. वाडीची माणसं दक्षिणद्वार सोहळा (पुराचं पाणी दत्त मंदिरातून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडतं तो) चढता की उतरता हे बघतात, ते जलशास्त्राच्या दृष्टीनंही अगदी नेमकं आहे. गावापुरतं नदीचं मॉडेल करून वाडीची पातळी खालच्या टोकाला न घालणारा माणूस अर्धीच नदी मोजतोय. धरणांचंही तसंच. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, तिथं कुणाच्या हुकमाचा प्रश्न नाही. मॉडेलमध्ये ते तसेच वागले पाहिजेत.

मग पृथ्वीच्या प्रतिकृतीचा आपल्याला उपयोग काय? आहे, आणि तो भारी आहे. माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे घडून गेलेली घटना बदललेल्या जगात परत चालवून बघणं. ऑगस्ट २०१९ चा तोच वारा, तोच कमी दाबाचा पट्टा घ्यायचा, फक्त समुद्र आणि हवा २ अंशांनी जास्त तापलेली धरायची. हवा १ अंश तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम. पण घाटावर प्रत्यक्ष पाऊस तेवढाच वाढेल की जास्त, हे मॉडेल चालवल्याशिवाय कळत नाही. आणि पाऊस १० टक्के वाढला म्हणजे पूर १० टक्के वाढला असंही नाही. जमीन आधीच चिंब असेल, धरणं भरलेली असतील, तर वरचा जवळजवळ सगळा पाऊस सरळ नदीत येतो. असा प्रश्न विचारला की गावालाही उत्तर समजतं. '२०५० मधला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' कुणाच्या डोळ्यापुढं येत नाही. '२०१९ चाच पूर, पण थोडं अजून वर' हे आजीलाही कळतं, कारण पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं हे तिला पाठ आहे.

शंभर वर्षांवरून आठवलं. निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी. लोकांचा समज असा की लाल रेषेचा पूर २०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत. दोनच वर्षांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं. त्या रेषेचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता एवढाच. हिशेब करा: लाल रेषेवरचं घर ३० वर्षांत निदान एकदा बुडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, निळ्या रेषेवरच्या घराची सुमारे ७१ टक्के. आणि हा हिशेब हवामान जसं होतं तसंच राहील असं धरून. या रेषा जुन्या नोंदींवरून आखल्या जातात. पाऊस बदलत असेल तर रेषा सरकणार. ती किती सरकेल याचा पल्ला देणं हे मॉडेलांचं काम. रेषा कुठं आखायची हे मात्र शासनानं आणि तुम्ही ठरवायचं, कारण किती धोका पत्करायचा हा गणिताचा प्रश्न नाही.

पल्ला म्हणालो, एक आकडा नव्हे. वेगवेगळी मॉडेलं आपल्या पावसाबद्दल वेगवेगळं सांगतात. त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: निसर्गाचा स्वतःचा लहरीपणा, मॉडेलांतले फरक, आणि जग पुढं तापवणारे वायू किती सोडणार हे. २०५० च्या आपल्या पावसात पहिल्या दोन गोष्टींचा वाटा मोठा. तिसरी शतकाच्या शेवटाकडं जड होते. म्हणून तीस वर्षांच्या रस्त्यासाठी किंवा गावठाणासाठी 'कुठली जागतिक परिस्थिती धरायची' यावर बैठका घालू नका. पाच-सहा मॉडेलं घ्या, त्यातलं ओलं टोक आणि कोरडं टोक दोन्हींत कुठला निर्णय टिकतो ते बघा.

राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर तीच मॉडेलं वेगळ्या कामाला येतात. १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष, असं केंद्राच्या २०२० च्या अहवालात आहे. तापमान वाढतंय तर पाऊस वाढायला हवा होता, मग घटला कसा? धुरातल्या कणांनी उत्तर गोलार्धातली जमीन झाकोळली, मोसमी वारे मंदावले, हे त्याचं मोठं कारण आणि ते मॉडेलांमुळंच वेगळं काढता आलं. वास्तवात धूर आणि वायू एकत्रच वाढले. मॉडेलमध्ये एकच वाढवून बघता येतो. उद्या हवा स्वच्छ झाली तर दडलेला पाऊस वर येईल, हा धोरणासाठी साधासुधा मुद्दा नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांबद्दल सगळेच विचारतात, म्हणून थोडक्यात. गेल्या दोन-तीन वर्षांत ती रोजच्या अंदाजात जुन्या मॉडेलांच्या तोडीची किंवा वरचढ ठरली आहेत आणि काही मिनिटांत उत्तर देतात. पण ती गेल्या चाळीसेक वर्षांच्या नोंदींवर तयार झालेली. शेकडो कुस्त्या बघितलेला वस्ताद पुढचा डाव आधीच ओळखतो, तसं त्यांचं आहे. मैदानात कधी न पाहिलेला डाव पडला तर वस्तादही गडबडतो. उद्याचा पाऊस त्यांना विचारा. २०५० साठी भौतिकशास्त्र सोडून चालणार नाही.

आता फरक मागा म्हणालो त्याचं उदाहरण. महामार्गाला शिरोलीजवळ भराव हवा की खांबांवरचा पूल, हा आपल्याकडचा जुना वाद. मॉडेल पाण्याची उंची फूटभर चुकवेल, पण दोन्ही पर्यायांत तीच चूक होते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. 'भरावामुळं वरच्या बाजूला पाणी किती जास्त चढतं आणि किती तास जास्त राहतं' याचं उत्तर म्हणून जास्त विश्वासाचं. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याचंही तसंच तपासायला हवं: ५१९.६० मीटर आणि कर्नाटकला हवी असलेली ५२४.२५६ मीटर, दोन्ही पातळ्या, तोच पूर, तोच नदीचा नकाशा. दोन राज्यं दोन वेगळी मॉडेलं घेऊन बसली की भांडण मिटत नाही. पात्राचे छेद आणि विसर्गाच्या नोंदी दोघांनी एकच वापरल्या आणि उघड ठेवल्या तर निदान भांडायचं कशावर हे तरी ठरतं.

राहिली तुमची कंपनी. प्रस्ताव लगेच फेटाळू नका, पण पैसे देण्याआधी लेखी घ्या. जमिनीची उंची ड्रोन किंवा लायडारनं (लेसर किरणांनी) मोजणार का, आणि उसाची उंची त्यातून वजा करणार का. २०१९ वर मॉडेल बसवून २०२१ चा पूर, आकडे न बदलता, ओळखून दाखवणार का. दोन्ही पूर बसवण्यातच वापरले तर परीक्षा कशाची? खालच्या टोकाला नृसिंहवाडीची पातळी आहे का. उत्तर एका रेषेत देणार की पट्ट्यात. आणि सगळ्या फायली ग्रामपंचायतीला देणार का, म्हणजे दहा वर्षांनी दुसरा कुणी त्याच चालवू शकेल. नदीचं मॉडेल चालवायला फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, तेव्हा 'आमचं सॉफ्टवेअर गोपनीय' हे कारण ऐकून घेऊ नका. याला ते कबूल असतील तर पुनर्वसनाच्या ठरावासाठी तेवढं पुरे आहे. त्यांच्या त्रिमितीय चष्म्याचे आणि चलच्चित्राचे पैसे मात्र वजा करून घ्या.

एक काम मात्र कंपनीची वाट न बघता करा. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा गावातल्या भिंतींवर, देवळाच्या खांबांवर, विजेच्या डांबांवर अजून आहेत. गणपतीच्या आधी घरांना रंग लागला की त्यातल्या बऱ्याच जातील. प्रत्येक खुणेचा फोटो, घरमालकाच्या तोंडची तारीख आणि वेळ, पाणी किती दिवस उभं होतं ते, आणि भूमापकाकडून समुद्रसपाटीपासूनची उंची, एवढं वहीत उतरवून घ्या. पन्नासेक खुणा निघाल्या तरी भरपूर. त्या वहीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचे ग्रामसेवक) सही-शिक्का घ्यायला विसरू नका, नाहीतर जलसंपदा विभागात पहिला प्रश्न तोच येईल.